अकरा अंश डावीकडे

१

गाडीचं दुखणं मालक एक सांगतो, मिस्त्री दुसरंच सांगतो आणि गाडी स्वतः तिसरंच सांगते. मी तिसरं ऐकते. बसवकल्याणात माझं गॅरेज नाही. एक स्कॅनर आहे, एक स्कूटी आहे आणि बिदरच्या पॉलिटेक्निकात काढलेली तीन वर्षं आहेत. नव्या गाडीच्या काट्यांमध्ये पिवळा दिवा लागला आणि मिस्त्र्याचा पाना चालेनासा झाला की फोन येतो, "संध्याक्का, जरा येऊन बघा." मी जाते, स्टिअरिंगखालच्या खोबणीत वायर लावते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात परत निघते. आठ वर्षांत एकही गाडी मी 'कळत नाही' म्हणून सोडलेली नाही. फुशारकी म्हणून सांगत नाही. पुढचं सांगणारी बाई घाबरट नाही, एवढं कळावं म्हणून सांगते.

संक्रांत होऊन दोन दिवस झाले होते. हुमनाबाद रस्त्यावर नरसिंगअण्णांचं चाकं सरळ करायचं गॅरेज आहे, तिथून फोन आला.

"ईरण्णाप्पाची जीप हाय. चौथ्यांदा आली. चाकं सरळ हायत, स्टेरिंग सरळ हाय, पण गाडी मानंनाच."

"सेन्सर बदललाव का?"

"नवा टाकलो. तरी तेच दाखवायलाय. या तुम्ही, माझं डोकं चालंना."

ईरण्णाप्पा तुरीचे व्यापारी. आळंदच्या बाजारात गाळा, घर इथं त्रिपुरांतात आणि शेती कोहिनूरच्या पलीकडं काळ्या रानात. पावसाळ्यात तिथं ट्रॅक्टरसुद्धा रुततो, म्हणून त्यांनी चारही चाकांना जोर असलेली उंच जीप घेतली होती. मी गेले तेव्हा ते गॅरेजच्या दारात स्टुलावर बसले होते. कपाळावर विभूतीचे पट्टे, पांढरं धोतर, हातात चहाचा कप. चहावर साय धरली होती.

"शरणु, अप्पा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. नजर जीपवरून हलली नाही.

२

जीप रॅम्पवर होती. स्टिअरिंग लोखंडी दांडीनं सरळ अडकवून ठेवलेलं. मी वायर लावली, स्कॅनरवर आकडा आला. अकरा अंश, डावीकडे.

असं नेहमी होतं. चाकं सरळ केली की स्टिअरिंगच्या सेन्सरला 'हे शून्य' म्हणून एकदा शिकवावं लागतं. नाही शिकवलं तर गाडीचा कॉम्प्युटर समजतो की चालक डावीकडं वळतोय आणि गाडी वळत नाही म्हणून तो एकट्या डाव्या चाकाला ब्रेक लावतो. चांगल्या रस्त्यावर ऐंशीच्या वेगात असं झालं तर माणूस थेट खड्ड्यात.

"ओढायली का गाडी?" मी विचारलं.

"ओढायली," ईरण्णाप्पा म्हणाले. "दर वेळी डावीकडं न्हाई. कधी इकडं, कधी तिकडं."

मी शून्य शिकवलं. आकडा शून्यावर आला. चार सेकंद थांबला. मग एक, तीन, सात करत अकरावर जाऊन बसला. मी परत शिकवलं. परत अकरा. गॅरेजात हवेचा कॉम्प्रेसर चालू होता तो नरसिंगअण्णांनी बंद केला, जणू आवाजानंच आकडा हलत होता. शांततेत मी तिसऱ्यांदा शिकवलं. परत अकरा.

बॅटरीची अर्थिंग बघितली. तारा बघितल्या. स्टिअरिंगच्या आतली गुंडाळी उघडून बघितली. सगळं नवंकोरं, सगळं जागच्या जागी.

"रॅम्पवरून उतरवा," मी म्हणाले. "रॅम्पचं लोखंड बाधत असेल."

नरसिंगअण्णांनी जीप बाहेर काढली आणि उलट तोंडानं परत आत आणली. दांडी लावली. मी स्कॅनर बघितला. एकशे एकोणसत्तर अंश, उजवीकडे.

अकरा आणि एकशे एकोणसत्तर. बेरीज बरोबर एकशे ऐंशी.

मला हसूच आलं. "अण्णा, कळालं. ह्या सेन्सरात लोहचुंबक असतंय. कुठला तरी नट चुंबक झालाय आणि सेन्सर स्टिअरिंग वाचायचं सोडून दिशा वाचायलाय. गाडीचं होकायंत्र झालंय बघा!"

नरसिंगअण्णाही हसले. ईरण्णाप्पा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "कुठली दिशा दाखवायलाय?"

मी मोबाईलवर दिशा लावून बघितली. होकायंत्रानं उत्तर दाखवायला पाहिजे होतं. हे दाखवत होतं नैऋत्य.

"कोहिनूरकडं," नरसिंगअण्णा सहज म्हणाले.

ईरण्णाप्पांनी चहाचा कप जमिनीवर ठेवला. भरलेलाच.

३

नैऋत्य का, ह्याला माझ्याकडं उत्तर होतं. सेन्सरातलं चुंबक बिघडलं की होकायंत्र एकच चुकीची दिशा धरून बसतं. ते तपासायची पद्धत सोपी. दुसऱ्या जागी जाऊन बघायचं. होकायंत्र असेल तर तिथंही तीच दिशा येईल, कागदावर दोन समांतर रेघा पडतील.

संध्याकाळच्या आत मी जीप स्वतः चालवत त्रिपुरांतात अप्पांच्या घरी नेली. सावकाश, वीसच्या वर नाही. अंगणात उभी केली, आकडा घेतला. झेरॉक्सच्या दुकानातून तालुक्याचा नकाशा आणला होता. ओट्यावर बसून पट्टी आणि कोनमापकानं दोन्ही रेघा ओढल्या.

रेघा समांतर नव्हत्या. त्या एकमेकींना छेदत होत्या. गावाबाहेर चार किलोमीटरवर, कोहिनूरच्या बाजूला. नकाशावर तिथं काहीच नव्हतं. ना वस्ती, ना खाण, ना टॉवर. नुसती रानं.

अप्पांच्या बायको, गुरुबाई, पाणी घेऊन बाहेर आल्या. थोराड, शांत बाई. जीपकडं बघत म्हणाल्या, "इकून टाका म्हणायले मी. ऐकंनात. येळवशीपासून जेवण न्हाई ह्यांना."

येळवस म्हणजे आमच्याकडची वेळा अमावास्या. त्या दिवशी अख्खं गाव रानात असतं. भज्जी, अंबिल, रोडगे. बांधावरून वाटसरू चालला तरी हाक मारून जेवायला बसवतात.

"येळवशीला काय झालं?" मी विचारलं.

"काय की. आम्ही दुपारीच आलाव गाडीत लेकीच्या. हे मागं राहिले, दिवस बुडताना आले. येताना गाडी धुऊन आणले. जन्मात कधी गाडीला पाणी न लावलेला माणूस." मग घराच्या आत बघत आवाज खाली आणला. "तवापासून पुढच्या खोलीत झोपंनात. खिडकी कोहिनूरच्या बाजूला हाय न्हवं."

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही जागांवरून परत आकडे घेतले. मापात चूक असेल म्हणून. रेघा छेदल्या त्या तीन किलोमीटरवर.

तिसऱ्या दिवशी दोन.

मी तीन दिवसांच्या तीन खुणा पट्टीनं जोडल्या. सरळ रेघ. ती मागं वाढवली तर कोहिनूरच्या पलीकडच्या माळावर जात होती. पुढं वाढवली तर जीपपाशी येत होती. दिवसाला एक किलोमीटर. धड माणूस तेवढं पंधरा मिनिटांत चालतो.

दिवसभरात एवढंच कोण सरकतं, ह्याचा विचार मी केला. उत्तर आलं, पण ते मी कागदावर लिहिलं नाही.

४

मोठं लोखंड सरकत असेल. ऊस तोडायचं मशीन, बोअरची गाडी. रस्ता नसलेल्या रानातून, रोज न चुकता तेवढंच? मी स्वतःला विचारत होते आणि स्वतःच खोडून काढत होते. चौथ्या दिवशी सकाळी मी नरसिंगअण्णांकडं गेले आणि विचारलं, "पहिल्यांदा गाडी आली तेव्हा काय बदललं होतं?"

"पुढचा बार, बंपरचा. वाकला होता. दगडावर गेली म्हणले."

जुना बार भंगारात पडला होता. मी तो उचलून दारातल्या उन्हात आणला. दगडानं लोखंड वाकतं तेव्हा दगड खूण ठेवतो. ओरखडा, खड्डा, पापुद्रा उडालेला. ह्या बारावरचा काळा रंग जसाच्या तसा होता. बार मध्यभागी मऊ वाकलेला, उशीवर डोकं टेकल्यावर पडतो तसा खळगा.

मी बार भिंतीला टेकवून ठेवला. जीप गॅरेजातच होती. मी वायर लावली आणि इंजिन बंद ठेवून आकड्याकडं बघत बसले. इतके दिवस आकडा घेतला की मी वायर काढत होते. आज काढली नाही.

अकरा. अकरा. अकरा. मग बारा. मग बराच वेळ बारा. मग घाईनं तेरा, चौदा, आणि परत थांबला. पाच-सहा मिनिटं हालचाल नाही. मग पंधरा.

सरळ येणारं जवळ आलं की आडवं सरकलेलं कळतं. आणि आकड्याची ती चाल मी ओळखली. सरकायचं, दम खायचा. सरकायचं, दम खायचा.

ईरण्णाप्पा दारात उभे होते. कधी आले, मला कळलं नव्हतं.

"अप्पा, आत या," मी म्हणाले. "हा बार बघा. दगड होता का?"

"दगडच होता."

"ह्याच्यावर दगडाची खूण न्हाई."

रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली, तिचा आवाज पार लांब जाईपर्यंत ते उभेच होते. मग स्टुलावर बसले.

"दिवस बुडायला आलता," ते म्हणाले. "माळावरनं येत होतो. समोर कुणीतरी उभारलं होतं. हात करून. गाडीत घ्या म्हणून. मला उशीर झालता. बाजूनं काढाया गेलो अन् धक्का बसला."

"बाई का माणूस?"

"वाकलेलं होतं. कांबळं होतं डोक्यावरनं. मला न्हाई कळालं."

"उतरलाव का?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"आरशात बघितलो," ते म्हणाले. "पडलेलं न्हवतं. रस्त्यात बसलतं. बसून माझ्याकडं बघायलतं. हात तसाच वर होता." त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "सकाळी परत गेलो मी, पोरी. आईशपथ. कुणीच न्हवतं. रगत न्हाई, चप्पल न्हाई, काही न्हाई. चार गावांत विचारलो, कुणी हरवलंय का. कुणीच न्हाई. मग मी म्हणलो, दगडच असंल."

नरसिंगअण्णा मागं हात पुसत उभे होते. त्यांनी हळूच गॅरेजचं मागचं दार लावून घेतलं. नैऋत्येकडचं.

"गाडी विकून टाका, अप्पा," ते म्हणाले. "हैदराबादला पाठवा. आजच."

"आणि ते हैदराबादपर्यंत असंच जाईल?" मी म्हणाले. "असंच सरकत?"

नरसिंगअण्णांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

माझं काम सोपं होतं, असं मला अजूनही वाटतं. आकडा चुकीचा नव्हता. सेन्सर, बार, कॉम्प्युटर, सगळे बरोबर सांगत होते. ऐकणारा ऐकत नव्हता.

"उठा, अप्पा," मी म्हणाले. "अजून दुपार व्हायचीय. ते कशाला येईल? आपण जाऊ."

५

मी चालवत होते. अप्पा शेजारी. स्कॅनर डॅशबोर्डवर टेकवलेला. नरसिंगअण्णा आले नाहीत आणि मी त्यांना म्हणालेही नाही.

गाव संपलं, कोहिनूरचा रस्ता लागला. आकडा हळूहळू उजवीकडं सरकू लागला. पंचवीस, चाळीस, साठ. म्हणजे उजव्या हाताच्या रानात. सिमेंटच्या पुलाजवळ गाडीवाट होती, तिथं मी जीप खाली उतरवली आणि चारही चाकांचा जोर लावला. ढेकळांतून जीप डुलत चालली. उजवीकडं ज्वारी, डावीकडं कापणीला आलेली तूर. आकडा उतरत होता. वीस, बारा, पाच. वाट वळली तशी मी वळले.

शून्य.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या गाडीनं शून्य दाखवलं. समोर तुरीचं रान होतं, डोक्याइतकं उंच, वाळून तपकिरी झालेलं. मी इंजिन बंद केलं.

वारा नव्हता. तुरीच्या शेंगा वाळल्या की थोडं हाललं तरी खुळखुळतात. तो आवाज येत होता. समोरून, वीसेक हातांवरून. खुळखुळ, मग थांबणं. खुळखुळ, मग थांबणं. मी शेंड्यांकडं बघितलं. शेंडे हलत नव्हते. खाली, गुडघ्याच्या उंचीवर बुडखे हलत होते.

रानडुक्कर, मी मनात म्हणाले. तुरीत रानडुकरं येतात. आणि ते म्हणून झाल्यावर मला कळलं, माझाच त्यावर विश्वास नाही.

"मी येऊ का?" मी विचारलं.

"नगं," अप्पा म्हणाले. "तू गाडीतच बस. तू न्हाई केलीस ते."

त्यांनी दार उघडलं, धोतर सावरलं आणि तुरीत शिरले. पांढरं धोतर थोडा वेळ दिसलं, मग तेही नाही. मला त्यांचा आवाज ऐकू आला. कानडीत बोलत होते, आपल्या घरच्या थोर माणसाशी बोलावं तसं. लांबून मला एकच शब्द कळाला. तप्पायितु. चूक झाली. ते परत परत तेच म्हणत होते.

मी रानाकडं बघायचं सोडलं आणि आकड्याकडं बघत राहिले. आकड्यावर माझा भरवसा आहे.

शून्य. शून्य. मग चार, डावीकडे. जीप जागची हलली नव्हती, स्टिअरिंग हललं नव्हतं. अकरा. तीस. शेंगांचा आवाज थांबला, आता ढेकळांवरून पाय ओढल्याचा आवाज येत होता. एक माणूस चालतोय आणि दुसरं काहीतरी ओढलं जातंय, असा. पंचावन्न. सत्तर. मी मान वळवली नाही. नव्वद.

आकडा थांबला. नव्वद अंश डावीकडे म्हणजे माझ्या शेजारचं दार.

अप्पांनी दार उघडलं. ते वाकलेले होते, दोन्ही हात पुढं. "सावकाश," ते म्हणाले, मला नव्हे. बराच वेळ तसेच उभे राहिले, म्हातारं माणूस उंच गाडीत चढताना आपण थांबतो तसे. मग त्यांनी दार हलक्या हातानं लावलं आणि मागच्या सीटवर येऊन बसले. कपाळावरची विभूती घामानं पुसली होती.

"चल, पोरी."

मी चावी फिरवली. इंजिन चालू झालं आणि टिंग, टिंग, टिंग असा आवाज सुरू झाला.

शेजारच्या सीटवर कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही तर तो आवाज होतो. सीटखाली वजन कळणारा सेन्सर असतो.

अप्पा मागून पुढं वाकले. पट्टा ओढला, आडवा घेतला, खटका लावला. आवाज बंद झाला. मी एकदाच तिकडं बघितलं, पट्टा लागलाय का ते बघायला, सवयीनं. पट्टा सीटला टेकला नव्हता. सीटपासून वीतभर पुढं, फुगीर ताणून उभा होता. आणि मी बघत असताना तो थोडासा वर झाला, थोडासा खाली गेला.

कुणीतरी श्वास घेत होतं.

"कुठं घेऊ?" मी विचारलं. आवाज माझाच होता, नेहमीसारखा. त्याचं मला आजही बरं वाटतं.

"दवाखान्यात," अप्पा म्हणाले. "त्याच दिवशी न्यायला पाहिजे होतं."

६

मी चांगली चालवते. त्या दिवशी जास्तच चांगली चालवली. प्रत्येक खड्ड्याला ब्रेक, प्रत्येक गतिरोधकावर पहिला गिअर. शेजारी बघितलं नाही. एकदा मोठा दणका बसला तेव्हा तोंडातून "जपून हं" निघून गेलं. कुणाला म्हणाले, ह्याचा विचार मी नंतरही केला नाही.

दवाखान्याच्या फाटकाशी गर्दी होती. मी जीप थेट पायऱ्यांपाशी लावली. अप्पांनी दार उघडलं, खटका सोडवला, परत तसेच थांबले. मग हात कोपरात वाकवून चालू लागले. एक पाऊल, थांबा. एक पाऊल, थांबा. पायऱ्यांवरच्या बायका त्यांच्याकडं बघून बाजूला सरकल्या. एकट्या माणसाला लागते त्याहून जास्त जागा त्यांनी दिली.

मी मागोमाग गेले. कुणी काही म्हणालं तर अप्पांना सांभाळायला, असं मी स्वतःला सांगितलं.

चिठ्ठीच्या खिडकीत चष्मा लावलेली बाई होती. मान खाली, पेन हातात.

"हेसरु?" तिनं कानडीत विचारलं. मग धोतर बघून मराठीत, "पेशंटचं नाव?"

ईरण्णाप्पांनी आपल्या डाव्या बाजूला बघितलं. मान वाकवली, कान जवळ नेला. अशक्त माणसाचं ऐकायला आपण वाकतो, तसं. थोडा वेळ ऐकलं. मग सरळ होऊन त्यांनी एक नाव सांगितलं. साधं नाव, चार गावांत चाळीस जणांचं असेल असं. ते मी इथं लिहीत नाही.

"काय झालंय?"

"गाडीनं उडवलं."

"कुणाच्या?"

"माझ्या," ईरण्णाप्पा म्हणाले. "मीच उडवलो. अन् थांबलो न्हाई."

बाईचं पेन थांबलं. तिनं मान वर केली. अप्पांच्या तोंडाकडं बघितलं, मग त्यांच्या डाव्या बाजूला बघितलं. तिच्या कपाळाला आठी पडली.

"मग असं उभं कामून केलाव त्यांना?" ती म्हणाली. "त्या बाकावर बसवा आधी."

अप्पा वळले. पाऊल पाऊल करत बाकापर्यंत गेले, हात खाली नेऊन बसवलं. मग बाकावर मधे एका माणसाची जागा सोडून स्वतः टेकले, आणि नंबर पुकारायची वाट बघत राहिले.